आठवड्यातून दोनदा

सभा रविवारी सकाळी दहाला ठेवली होती, कारण रविवारी डायलिसिस बंद असायचं. नागपुरातल्या गांधीबागेपासून चालत वीस मिनिटांवरचा तो धर्मादाय दवाखाना. माझे यजमान तिथे तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा जात होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, मशीन नंबर पाच. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त त्या मशीनमधून फिरवून स्वच्छ करतात, आणि ते काम कधी संपत नाही. हे मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते पाढ्यासारखं तोंडातून येतं.

हे गांधीबागेत साड्यांच्या एका ठोक दुकानात सेल्समन होते. पंचवीस वर्षं त्यांनी गादीवर बसून गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडल्या आणि पुन्हा घड्या घातल्या. डायलिसिस सुरू झाल्यावर मालकाने त्यांना उरलेले तीन दिवस येऊ दिलं. मी शाळेत गणित शिकवते. मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. घरात आम्ही दोघंच होतो, आणि आमचा आठवडा मशीनच्या दिवसांनी बांधलेला होता.

सभेला बत्तीस रुग्ण आणि त्यांच्या घरचे, असे सगळे बाहेरच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. डॉक्टर तरुण होती. तिने प्रस्तावना केली नाही. आठ मशिनी, दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे शहाण्णव डायलिसिस. तीनदा दिलं तर बत्तीस माणसं, दोनदा दिलं तर अठ्ठेचाळीस. बाहेर यादीत एकोणीस माणसं थांबली आहेत. ती बोलायच्या आधीच माझा भागाकार झाला होता. सवयच आहे.

ती म्हणाली की तीनदा केलेलं चांगलं, यात दुमत नाही. दोनदा केलं तर पाणी आणि मीठ आणखी कडक पाळावं लागेल, आणि काही जणांना ते झेपणार नाही. कोणाला झेपणार नाही हे तिला आज सांगता येत नाही. ट्रस्टला हे बंद खोलीत ठरवता आलं असतं, पण ज्यांच्या अंगावर ते येणार त्यांना विचारायला हवं असं तिने ट्रस्टच्या लोकांना सांगितलं होतं, आणि बहुमत होईल तसं करायला ते तयार झाले होते. एका रुग्णाचा एक हात. नातेवाइकांनी फक्त ऐकायचं.

मग लोक बोलले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले की जो आधी आला त्याचं आधी, आम्हाला मिळून राहिलं ते मिळू द्या, नवीन लोकांनी थांबावं. बावीस वर्षांच्या एका मुलाची आई म्हणाली की तरुणांना तीनदा ठेवा आणि साठीच्या पुढच्यांना दोनदा करा. तो मुलगा खाली बघत होता. त्याने आईच्या पदराला धरून तिला बसवलं. मौद्याच्या पुढून पहाटेच्या बसने येणारी एक बाई म्हणाली की तिची एक खेप वाचेल, पण ती हे स्वतःसाठी म्हणते आहे की बाहेरच्यांसाठी, ते तिलाच कळत नाही. मागून कोणीतरी विचारलं की ज्यांनी दारू पिऊन किडन्या घालवल्या त्यांना मशीन कशाला द्यायची. हॉलमध्ये अशी दोन माणसं होती आणि सगळ्यांना ती माहीत होती.

माझी अपेक्षा होती की भांडण होईल. झालं नाही. माणसं माणसांना कसं कसं वेगळं काढतात ते एका तासात समोर येऊन गेलं, आणि पंखे फिरत राहिले.

हे सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले. म्हणाले, "मी चार महिने त्या यादीत होतो. माझा नंबर लागला तो इथलं कोणी तरी गेल्यावर. कोण गेलं ते मी कधी विचारलं नाही." आणि बसले.

मग हात वर करायला सांगितले. ह्यांच्या डाव्या हातात सुयांसाठी शीर जोडलेली होती, तो हात जड असायचा, म्हणून त्यांनी उजवा वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते आणि मी ते तिथेच ठेवले. दोनदा करावं म्हणणारे एकवीस निघाले, नको म्हणणारे अकरा.

ऑटोत आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर मी कुकर लावला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बोलून काहून नाही राहिली वं?"

"काय बोलू?"

"तुले राग आला."

मी नाही म्हटलं. ते खरं होतं. राग कुठे आहे ते मी शोधलं होतं, ऑटोतच. तो सापडला नव्हता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुले आधी विचाराले पाह्यजे होतं."

"विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ठाऊक आहे नं तुम्हाला?"

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यानंतर आम्ही जेवलो. ह्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं, आधीही नाही आणि नंतरही फारसं नाही.

पुढच्या महिन्यापासून ह्यांचे दिवस सोमवार आणि गुरुवार झाले. बुधवारी आणि शनिवारी पाच नंबरवर दुसरा माणूस येऊ लागला. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तो सिक्युरिटी गार्ड होता, वय पस्तिशीच्या आत. आमची त्याची गाठ पडत नसे. त्याचं असणं आम्हाला फक्त सिस्टरच्या बोलण्यातून कळायचं.

सोमवार ते गुरुवार बरं जायचं. गुरुवार ते सोमवार लांब पडायचं. दिवसभराचं पाणी मी एका बाटलीत भरून ठेवत असे. तोंड कोरडं पडलं की हे बर्फाचा लहानसा तुकडा गालात धरून बसायचे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या माणसाला पाणी मागू नको म्हणणं हे काम मी करत होते, आणि नीट करत होते. भाजीचे बटाटे चिरून तीन-चार तास पाण्यात ठेवायचे आणि क्षार उतरलेलं ते पाणी टाकून द्यायचं. संत्र्याची फोड नाही, नारळपाणी नाही, डाळीचं वरचं पाणी नाही. रोज सकाळी वजन, अंगात किती पाणी साठलं ते बघायला. शनिवारपर्यंत पायांवर सूज यायची, बोटाने दाबलं की खळगा राहायचा. मी दाबून बघायची. तो खळगा किती वेळ राहतो ते मनातल्या मनात मोजायची. रविवारी त्यांना आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते खुर्चीत बसून राहायचे, मांडीवर उशी घेऊन.

एका शनिवारी सकाळी दम लागून त्यांना बोलता येईना. मी ऑटो करून दवाखान्यात नेलं. आठही मशिनी चालू होत्या. डॉक्टरने दुसऱ्या दोन-तीन दवाखान्यांत फोन लावून पाहिले आणि ऑक्सिजन लावला. पाच नंबरवर तो गार्ड होता. त्याचे चार तासांपैकी दोन झाले होते. त्याने सिस्टरला हाक मारली आणि मला काढा म्हणाला. डॉक्टर म्हणाली की हे बरोबर नाही, तुमचंही वजन वाढलेलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, माझं अर्धं झालं. काकांचं काहीच नाही झालं."

त्याला काढलं आणि ह्यांना लावलं. तो हाताला पट्टी दाबून माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला धन्यवाद म्हटलं की नाही, मला आठवत नाही. ड्युटी किती वाजता आहे ते विचारलं होतं. दोनची, असं तो म्हणाला. मग उठला आणि पार्किंगकडे गेला.

पावसाळ्यात टपाल खात्यातले काका गेले. मी काही विचारायच्या आत हे म्हणाले, "दोनदानं गेला असं नको म्हणू. माणूस तीनदानंही जाते." मी तसं म्हणणार नव्हते. पण त्यांनी ते स्वतःशी घोकून ठेवलं असावं, इतक्या चटकन ते आलं.

हे फेब्रुवारीत गेले. सोमवार होता. सकाळी त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. चपलेत पाय जाईना, म्हणून मी चपलेचा पट्टा सैल करून दिला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते तिसऱ्या पायरीवर बसले, म्हणाले की दोन मिनिटं थांब. मी थांबले. मग ते कुशीला कलले. आत पाच नंबरची मशीन तयार होती, नळ्या लावून ठेवलेल्या होत्या. डॉक्टरने अर्धा तास प्रयत्न केले.

ती बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तीनदा असतं तर?"

ती माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "काकू, हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. मला खरंच माहीत नाही."

मी मान हलवली. कागदांवर सह्या केल्या. जावयाला फोन केला, मुलीला सांगायला त्याला सांगितलं. साडेआठच्या सुमारास दारातून आत नजर गेली तेव्हा पाच नंबरवर कोणीतरी झोपलेलं होतं. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ह्याचाही मी थोडा विचार केला. मग गाडी आली.

तेरा दिवस माणसं येत-जात राहिली. माझे मोठे दीर गावाहून आले होते, तिथे ते अजून शेती करतात. ते बैठकीत म्हणाले की भावाने उगीच हात वर केला, परोपकार अंगाशी आला. मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी रडेन किंवा दिरांना काही बोलेन म्हणून. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा बिनसाखरेचा आहे, तो उजवीकडचा घ्या."

मुलगी पंधरा दिवस राहिली. एका सकाळी तिने मला बटाटे चिरून पाण्यात टाकताना पाहिलं आणि म्हणाली, "आई, आता कशाला?" मी हात पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. बरेच दिवस करत होते.

एप्रिलच्या शेवटी, शाळेच्या परीक्षा आटोपत आल्या होत्या तेव्हा, दवाखान्यातून फोन आला. एका दात्याने दोन नव्या मशिनी दिल्या होत्या. त्या कशा वापरायच्या हे ठरवायला ट्रस्टने पाच जणांची समिती केली होती: डॉक्टर, गांधीबागेतले कापडाचे एक जुने व्यापारी जे ट्रस्टवर होते, एक निवृत्त परिचारिका, दवाखान्याच्या गल्लीतले किराणा दुकानदार, आणि रुग्णांच्या घरच्यांपैकी मी. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागलं असतं, आणि ते शोधायची ताकद माझ्यात नव्हती.

पहिल्या बैठकीत व्यापारी म्हणाले की प्रश्न सोपा आहे. दोन मशिनी म्हणजे आठवड्याला चोवीस डायलिसिस. यादी पुन्हा बावीसवर गेली आहे. बारा नवी माणसं घेऊ. परिचारिकेचं म्हणणं होतं की आत आहेत त्यांच्यातले पुष्कळ जण थकले आहेत, आधी त्यांना तिसरा दिवस परत द्या. दुकानदारांनी विचारलं की ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत त्यांना पुढे घेता येईल का. डॉक्टर ऐकत होती. मग व्यापारी माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही दोन्ही बाजू पाहिल्या. तुम्हीच सांगा."

मी म्हटलं की मला सांगता येणार नाही. पण पुन्हा सभा घ्या, आणि ह्या वेळी घरच्यांनाही हात वर करू द्या.

डॉक्टर म्हणाली, "काकू, घरचे सगळे तीनदाच म्हणतील."

"म्हणू दे. त्यांचे हात वेगळे मोजा. पण विचारा."

सभा झाली. तोच हॉल, त्याच खुर्च्या, माणसं पुष्कळ नवी. हात मोजायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी आता ना रुग्ण होते, ना रुग्णाच्या घरची. मी दोन कागद घेतले. रुग्णांमध्ये नवी माणसं घ्यावी म्हणणारे जास्त निघाले, निम्म्यापेक्षा थोडेच जास्त. घरच्यांमध्ये तिसरा दिवस परत द्या म्हणणारे जवळजवळ सगळे. तो गार्ड त्याच्या बायकोबरोबर दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याचा हात नव्या माणसांसाठी वर गेला, तिचा तिसऱ्या दिवसासाठी. तिने हात वर केल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तीही त्याच्याकडे बघत राहिली, हात तसाच वर ठेवून. मी मोजत होते, म्हणून पुढच्या रांगेकडे गेले.

दुसऱ्या बैठकीत दोन्ही कागद टेबलावर होते. व्यापारी म्हणाले की ह्यातून काही निघत नाही. मी त्यांना गुरुवार ते सोमवारबद्दल सांगितलं. सूज कशी चढते, माणूस खुर्चीत कसा बसतो, आणि शनिवारी आणलं तर मशीन रिकामी नसते. घरात राहिलेल्या माणसालाच हे दिसतं, तुमच्या फायलीत शनिवार नसतो. हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा होता. कोणाला तरी लसावि समजावून सांगावा तसा.

मग मी म्हटलं की एका नव्या मशीनवर सहा नवी माणसं घ्या. दुसरी राखून ठेवा. ज्याचा श्वास मधल्या दिवसांत अडकेल त्याच्यासाठी. कोण ते आधी ठरवायचं नाही.

व्यापाऱ्यांनी विचारलं, "आणि एखाद्या दिवशी कोणीच आलं नाही तर? बाहेर माणसं थांबलेली आणि आत मशीन रिकामी?"

"राहू दे रिकामी."

त्यांना ते आवडलं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. रिकाम्या मशीनचं दुःख त्यांना खरोखर होत होतं, आणि यादीतल्या त्या बावीस जणांपैकी स्वतःसाठी बोलायला तिथे कोणीही बसलेलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. दुकानदार त्यांच्या बाजूने गेले. परिचारिका आणि डॉक्टर माझ्या बाजूने आल्या. तीन विरुद्ध दोन. डॉक्टरने ते वहीत लिहून घेतलं, आम्ही सह्या केल्या, आणि शिपायाने समोसे आणले. मी एक खाल्ला. आपण कोणाला तरी आत घेतलं आणि कोणाला तरी बाहेर ठेवलं, हे मला कळत होतं, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातून झाल्यासारखं वाटत होतं. ह्यांना काय वाटलं असतं, ह्याचा विचार मी मुद्दाम करून पाहिला. कदाचित ते व्यापाऱ्यांच्या बाजूने बसले असते.

यादीतल्या पहिल्या सहा जणांना कळवायचं होतं. ऑफिसमध्ये एकच कारकून, तो सुट्टीवर. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी करते म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन दवाखान्याच्या ऑफिसात बसले.

पहिला फोन एका बाईने उचलला. मी दवाखान्याचं नाव सांगितलं, पेशंटचं नाव सांगितलं, मशीनवर जागा झाली आहे म्हटलं. ती म्हणाली, "ते गेले नं, बाई. महिना होईन आता."

मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "फोन केला, बरं केलं." मी नावावर रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली.

दुसऱ्या क्रमांकावर एक माणूस होता, स्वतःच बोलला. आवाजावरून म्हातारा वाटला. त्याने मला दोनदा विचारलं की नक्की त्याचंच नाव आहे ना. मी वाचून दाखवलं. त्याने दिवस विचारले. मी मंगळवार आणि शुक्रवार सांगितलं, सकाळी सात, येताना जुने रिपोर्ट आणा, सोबत एक माणूस आणा.

"अजून काही आणाचं का?"

मी विचार केला.

"चादर आणा," मी म्हटलं. "जाडी. रक्त बाहेर फिरते नं, तर थंडी वाजते. ह्या उन्हातही वाजते."

तो कोणाला तरी घरात ओरडून सांगत होता की चादर काढून ठेव. मी फोन धरून थांबले, त्याचं सांगून होईपर्यंत.